इन्शुलिनवरच्या मांजराची शुगर वर-खाली होते तेव्हा: घरी मोजायची कशी आणि आकडे वाचायचे कसे

सकाळी इन्शुलिनच्या आधी ३८०, संध्याकाळी ११०, दुसऱ्या दिवशी पुन्हा ३४०. मांजराला मधुमेह निघाला की पहिल्या महिन्यात बहुतेक घरांतल्या वहीत असेच आकडे दिसतात. आणि बहुतेक घरांत त्यावर एकच उपाय सुचतो: आकडा जास्त आलाय ना, मग अर्धा युनिट वाढवून टाकू. हा उपाय मांजराच्या जिवावर बेतू शकतो. डोस किती असावा हे वहीतला सगळ्यात मोठा आकडा सांगत नाही, सगळ्यात लहान आकडा सांगतो. पुढे जे काही लिहिलंय ते तो लहान आकडा शोधायचा कसा आणि त्याच्यावर विश्वास कधी ठेवायचा, याबद्दल आहे.

निदान डॉक्टरांनी केलेलं आहे आणि इन्शुलिनही त्यांनीच सुरू केलंय, असं धरून चालतो. डोस बदलण्याचा निर्णय त्यांचाच. पण घरी काय घडतंय ते त्यांना दिसत नाही. ते तुम्ही दाखवायचं.

आकड्यांआधी सिरिंज बघा

आपल्याकडे मेडिकलच्या दुकानात दोन ताकदीचं इन्शुलिन मिळतं. माणसांसाठीच्या इन्शुलिनच्या बऱ्याच बाटल्या ४० युनिट प्रति मिलीच्या असतात. ग्लार्जिन, म्हणजे लँटस, बेसालॉग, ग्लॅरिटस वगैरे, १०० युनिट प्रति मिलीचं असतं. मांजरा-कुत्र्यांसाठी बनवलेलं कॅनिन्शुलिन ४० चं. सिरिंजाही दोन प्रकारच्या: ४० वाल्यांचं टोपण साधारणपणे लाल, १०० वाल्यांचं केशरी. पण रंगावर जाऊ नका, सिरिंजवर छापलेला आकडा वाचा.

गल्लत झाली तर काय होतं ते एकदा हिशेबाने बघू. १०० च्या इन्शुलिनमध्ये एक युनिट म्हणजे ०.०१ मिली. तेच इन्शुलिन ४० च्या सिरिंजमध्ये एकच्या रेघेपर्यंत भरलं, तर आत जातं ०.०२५ मिली, म्हणजे अडीच युनिट. चार किलोच्या जिवाला एकाऐवजी अडीच. उलट गल्लत झाली, म्हणजे ४० चं इन्शुलिन १०० च्या सिरिंजमध्ये भरलं, तर जातं फक्त ०.४ युनिट, आणि मग आकडे हलतच नाहीत म्हणून सगळे चक्रावतात. दुकानदाराने 'हीच चालते, सगळे हीच नेतात' म्हटलं तरी बाटलीवरचा आणि सिरिंजवरचा आकडा जुळल्याशिवाय पैसे देऊ नका. १०० च्या सिरिंजांमध्ये ०.३ मिलीची, अर्ध्या युनिटच्या खुणा असलेली मिळाली तर तीच घ्या. मांजराचा डोस बहुधा एका युनिटच्या आसपास सुरू होतो आणि बदलही अर्ध्या-अर्ध्या युनिटने होतात. जाड सिरिंजवर डोळ्यांनी अर्धा युनिट पकडणं म्हणजे अंदाजपंचे कारभार.

इन्शुलिन फ्रिजमध्ये, पण बर्फाच्या कप्प्यापासून लांब. गोठलेलं इन्शुलिन वितळलं तरी कामाचं नाही. ग्लार्जिन पाण्यासारखं नितळ असतं, गढूळ दिसलं की टाकून द्या. ते पातळ करायचं नाही, दुसऱ्या इन्शुलिनमध्ये मिसळायचं नाही. कॅनिन्शुलिन मात्र मुळातच दुधाळ असतं आणि भरण्याआधी एकसारखं व्हावं लागतं, ते कसं करायचं हे बाटलीसोबतच्या कागदावर असतं. विदर्भ-मराठवाड्यात मे महिन्यात कुरियरने इन्शुलिन मागवत असाल तर बर्फाच्या पाकिटासकट आलंय का ते बघून मगच घ्या.

मीटर काय दाखवतो आणि काय दाखवत नाही

निरोगी मांजराची साखर ढोबळमानाने ७० ते १५० च्या दरम्यान असते. पण मांजर घाबरलं की ती झपाट्याने चढते. पिंजऱ्यात घालून, रिक्षातून, कुत्री भुंकत असलेल्या दवाखान्यात नेलेल्या धडधाकट मांजराचा आकडाही ३०० च्या वर जाऊ शकतो. दवाखान्यातल्या एका आकड्यावरून डोस ठरवणं म्हणूनच बेभरवशाचं, आणि घरी मोजायचं तेही याचसाठी.

दुसरा मुद्दा मीटरचा. माणसाच्या रक्तातली साखर प्लाझ्मा आणि तांबड्या पेशी यांच्यात बऱ्यापैकी वाटलेली असते: सुमारे ५८ टक्के प्लाझ्मात, ४२ टक्के पेशींत. मांजराच्या रक्तात सुमारे ९३ टक्के साखर प्लाझ्मातच असते. माणसाचा मीटर माणसाचं गणित धरून आकडा काढतो, म्हणून मांजराचा आकडा तो खऱ्यापेक्षा कमी दाखवतो. मोठ्या आकड्यांना ही तफावत जास्त, लहान आकड्यांना कमी. अल्फाट्रॅकसारखा प्राण्यांसाठीचा मीटर यासाठीच वेगळा बनवलेला असतो. त्यात मांजराचा कोड घालावा लागतो, कुत्र्याचा वेगळा असतो.

मग ॲक्यू-चेक किंवा डॉ. मोरपेन असा माणसांचा मीटर वापरायचा नाही का? माझं मत, बिनदिक्कत वापरा. प्राण्यांच्या मीटरच्या पट्ट्या महाग, त्या वेळेवर मिळतीलच असं नाही, आणि पट्टी महाग म्हणून मोजलंच नाही यापेक्षा साध्या मीटरवर रोज मोजलेलं कितीतरी चांगलं. फक्त दोन पथ्यं पाळा. मीटर एकच ठेवा, आज हा उद्या तो नको. आणि कुठला मीटर आहे ते डॉक्टरांना सांगा, कारण धोक्याची रेघ त्यावर बदलते: माणसाच्या मीटरवर ५०, तर प्राण्यांच्या मीटरवर ६५ ते ७०. मांजराला रक्तक्षय असेल तर मीटर उलट्या बाजूला चुकतो, खऱ्यापेक्षा जास्त दाखवतो. वयस्कर, किडनीच्या दुखण्याचं मांजर असेल तर हे विचारून घ्या.

पट्ट्यांची डबी घट्ट बंद ठेवा. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात उघडी राहिलेली डबी लवकर बिघडते, आणि बिघडलेली पट्टी 'मी बिघडले' म्हणत नाही, आकडा देतच राहते.

कान टोचणं

इथे घाई करू नका. अख्खं मोजमाप या एका कृतीवर उभं आहे.

कानाच्या बाहेरच्या कडेने एक बारीक शीर जाते. टॉर्च कानामागे धरला की दिसते, काळ्या मांजरालासुद्धा. टोचायचं शिरेला नाही, शीर आणि कानाची कड यांच्यामधल्या अरुंद पट्टीत. तिथे बारीक केशवाहिन्या असतात, थेंब पुरेसा येतो आणि दुखतंही कमी.

कान थंड असेल तर रक्त येत नाही. मोज्यात मूठभर कच्चे तांदूळ भरून मायक्रोवेव्हमध्ये थोडेसे गरम करा, आधी आपल्या मनगटावर लावून बघा, मग कानाला मिनिटभर धरा. मायक्रोवेव्ह नसेल तर कोमट पाण्याची छोटी बाटली चालते. मग टोचायच्या जागी व्हॅसलीनचं अगदी पुसट बोट फिरवा. थेंब केसांत पसरत नाही, मण्यासारखा उभा राहतो. कानाच्या मागे दुमडलेला कापूस धरा, नाहीतर सुई आरपार जाऊन आपल्याच बोटात घुसते. स्पिरिट लावायची गरज नाही. लावलंच तर पूर्ण सुकू द्या, ओलं राहिलं तर आकडा चुकतो. हाताला साखर किंवा फळाचा रस लागलेला असेल तरी चुकतो, म्हणून आधी हात धुवून कोरडे करा.

लॅन्सेट, म्हणजे टोचायची बारीक सुई, पेनमध्ये घालून टोचायचं की नुसतं हाताने, हा ज्याच्या-त्याच्या मांजराचा प्रश्न. पुष्कळ मांजरं टोचण्याला नव्हे तर पेनच्या खटक्याला दचकतात. अशांना हातानेच, एका ठाम हालचालीत टोचा. बिचकत बिचकत टोचलं की दोनदा दुखतं. मीटर आणि पट्टी आधीच तयार हवी. थेंब आला की पट्टीचं टोक थेंबाला नुसतं टेकवा, रक्त ती स्वतः ओढून घेते. थेंब पट्टीवर चोळू नका. मग कापसाने पंधरा-वीस सेकंद दाबून धरा, नाहीतर काळानिळा डाग पडतो आणि दुसऱ्या दिवशी मांजर कान हातात देत नाही.

सुरुवातीचे काही दिवस थेंब पुरेसा येत नाही, पट्ट्या वाया जातात. धीर सोडू नका. नेहमी टोचला जाणारा कान आठवड्या-दोन आठवड्यांत सहज रक्त देऊ लागतो. अगदीच जमलं नाही तर पुढच्या पायाच्या मनगटाजवळ जी एकटी गादी असते तिला टोचता येतं, पण कान बरा. आणि प्रत्येक वेळी, आकडा कसाही असो, उकडलेल्या चिकनचा एक तुकडा द्या. बिनमसाल्याचा, बिनकांद्या-लसणाचा. जागा तीच, टॉवेल तोच, तुकडा तोच ठेवलात तर बरीचशी मांजरं डबी वाजली की स्वतःहून येऊन बसतात.

रोजची वही

रोज किमान दोन आकडे: सकाळच्या आणि संध्याकाळच्या इन्शुलिनच्या आधी. शक्य असेल त्या दिवशी मध्ये कधीतरी एखादा जास्तीचा. आकड्यासोबत वेळ, दिलेला डोस, किती खाल्लं, उलटी-जुलाब, आणि 'पाहुणे आले', 'शेजारी ड्रिलिंग' असे शेरेही लिहा. दिवाळीत फटाके वाजत असताना घेतलेल्या आकड्यांना माझ्या लेखी शून्य किंमत आहे. लिहा, पण शेजारी कारण लिहा.

इन्शुलिनआधीचा आकडा बघून रोज डोस बदलायचा नाही. तो आकडा एकाच प्रश्नाचं उत्तर देतो: आत्ता इंजेक्शन देणं सुरक्षित आहे का? नवख्यांसाठी साधा नियम असा. २०० च्या वर असेल आणि मांजराने खाल्लं असेल तर ठरलेला डोस द्या. १५० ते २०० असेल तर खाऊ न घालता अर्धा तास थांबून पुन्हा मोजा आणि आकडा चढतोय का ते बघा. उतरत असेल किंवा तिथेच असेल तर डॉक्टरांना फोन. १५० च्या खाली असेल तर विचारल्याशिवाय इंजेक्शन नाही. एक डोस चुकल्याने काही तास शुगर जास्त राहते, एवढंच. नको असताना दिलेल्या एका डोसाने मांजर जाऊ शकतं. तुमच्या मांजराच्या रेघा डॉक्टर पुढे वेगळ्या ठरवतील, विशेषतः ग्लार्जिनवर असेल तर. तोवर या धरा.

आठवड्यातून एकदा वजन. मांजराला कडेवर घेऊन काट्यावर उभं राहायचं, मग एकट्याने, आणि वजाबाकी. बाळांचा काटा मिळाला तर उत्तम. पाणीही मोजा: सकाळी मापून ओतायचं, दुसऱ्या दिवशी उरलेलं मापायचं. दिवसाला किलोमागे १०० मिलीच्या वर पाणी जात असेल तर साखर आटोक्यात नाही असं समजा. साखर साधारण २५० ते २९० च्या वर गेली की मूत्रपिंडं ती अडवू शकत नाहीत, ती लघवीत उतरते आणि पाणी ओढून नेते. वाळूतले गोळे मोठे होणं, पाण्याचं भांडं रिकामं होणं, मागच्या पायांच्या टाचा टेकवून चालणं, या गोष्टी कधी कधी मीटरपेक्षा खरं बोलतात. आकडे बरे नाहीत पण मांजराचं वजन स्थिर, पाणी कमी, अंगावरचे केस चकचकीत, असं असेल तर घाबरून काही करू नका.

दिवसभराचा आलेख

सगळ्यात लहान आकडा सापडतो तो इथे. नवीन डोस सुरू झाल्यावर किंवा बदलल्यावर लगेच आलेख काढून उपयोग नाही, एक ते दोन आठवडे जाऊ द्या. ग्लार्जिनचा परिणाम तर अंगात स्थिरावायलाच काही दिवस लागतात.

घरी थांबता येईल असा रविवार निवडा. सकाळी इन्शुलिनआधी मोजा, नेहमीचं खाणं, नेहमीचा डोस. त्यानंतर दर दोन तासांनी, पुढच्या डोसच्या वेळेपर्यंत. मध्येच आकडा १५० च्या खाली गेला की दर तासाला. त्या दिवशी मुद्दाम उपाशी ठेवू नका, रोज होतं तेच होऊ द्या.

समजा, कॅनिन्शुलिनवरच्या एका मांजराचे दर दोन तासांचे आकडे असे आले:

सकाळी ८ वाजता ३४२
१० वाजता २८६
दुपारी १२ वाजता १९८
२ वाजता १२१
४ वाजता १०८
संध्याकाळी ६ वाजता १८७
रात्री ८ वाजता ३१८

बहुतेकांची नजर ३४२ आणि ३१८ वर जाते. पण चार वाजताचा १०८ बघा. तळ, म्हणजे आलेखातला सगळ्यात लहान आकडा, ८० ते १५० च्या दरम्यान असावा अशी अपेक्षा असते, म्हणजे हा डोस जिथे हवा तिथे नेमका बसलाय. इथे अर्धा युनिट वाढवला तर सकाळचा आकडा थोडा उतरेलही, पण चार वाजताचा साठ-सत्तरवर जाईल, आणि तेव्हा तुम्ही ऑफिसात असाल. या आलेखातली अडचण डोसाची नाही, मुदतीची आहे: इन्शुलिनचा जोर बारा तास पुरत नाही. यावर डॉक्टरांशी बोलायचं ते जास्त वेळ टिकणाऱ्या इन्शुलिनबद्दल, 'अजून किती वाढवू' याबद्दल नाही.

दुसरा आकार: दिवसभर ३८० ते ४२०, तळ ३५०. इथे डोस अपुरा असू शकतो, पण त्याआधी बाटली आणि इंजेक्शन द्यायची पद्धत तपासायची. तिसरा: चार तासांत ३५० वरून ६० ला कोसळलं आणि मग दीड-दोन दिवस ४०० च्या वर. शुगर फार खाली गेली की शरीर स्वतःच साखर सोडतं, त्याला मायकल सोमोगी या शास्त्रज्ञाचं नाव दिलेलं आहे. अशा वेळी डोस वाढवायचा नसतो, कमी करायचा असतो. मात्र प्रत्येक मोठा आकडा 'सोमोगी' म्हणून खपवण्याची फॅशन झाली आहे, ती सोडा. ग्लार्जिनवरच्या मांजरांचे हजारो आलेख तपासले तेव्हा खरा सोमोगी फार क्वचित दिसला. तळ मोजलेला नसेल तर हे नाव घेऊच नये.

आणखी एक. तोच डोस, तेच खाणं, तरी लागोपाठच्या दोन दिवसांचे आलेख वेगळे येतात. झुरिक विद्यापीठाच्या पशुवैद्यक विभागातल्या मंडळींनी घरी काढलेल्या आलेखांवर हे तपासून दाखवलंय. म्हणून एका आलेखावर फार मोठा निर्णय नको. दोन आलेख आणि मधल्या दिवसांची वही एकत्र ठेवूनच डॉक्टरांकडे जा.

तरीही हेलकावे थांबत नसतील तर

आधी आपल्याकडचं तपासायचं, मग मांजराकडचं. हा क्रम उलटा केला की पैसेही जातात आणि महिनेही.

इंजेक्शन बारा-बारा तासांनीच जातंय का? सकाळी सातला आणि रात्री दहाला दिलं तर हेलकावे तुम्हीच तयार करताय. जागा तीच तीच नको. मानेच्या चिमटीपेक्षा कुशीच्या, बरगड्यांच्या बाजूच्या कातडीत इन्शुलिन जास्त नीट शोषलं जातं, तिथेही रोज थोडं सरकवत जा. केसाळ मांजरांत सुई कातडीच्या घडीतून आरपार जाऊन इन्शुलिन केसांत सांडतं. केस ओले लागतात आणि औषधी, दवाखान्यासारखा वास येतो. असं झालं, किती आत गेलं हे कळलं नाही, तरी दुसरं इंजेक्शन द्यायचं नाही. वहीत 'सांडलं' असं लिहा आणि पुढच्या वेळेची वाट बघा.

मग खाणं. आपल्या घरांतली दूध-पोळी, दूधभात, मासळीचा कालवणभात हे मधुमेही मांजरासाठी थेट साखर. कोरडं खाणंही बघायला हवं. पाकिटावर कर्बोदकं लिहिलेली नसतात, पण काढता येतात. प्रथिनं ३२, चरबी १२, तंतू ४, राख ८, ओलावा १०, बेरीज ६६, म्हणजे कर्बोदकं ३४ टक्के. ओलावा वगळला तर जवळपास ३८. ओल्या खाण्याच्या पाऊचवर प्रथिनं १०, चरबी ५, तंतू ०.५, राख २, ओलावा ८० असेल तर उरतात २.५ टक्के. ओलावा वगळून साडेबारा. फरक किती ते दिसतंच. पण डोस तोच ठेवून एका दिवसात कोरड्यावरून ओल्यावर उडी मारू नका. साखर येणं अचानक थांबतं, इन्शुलिन तेवढंच राहतं, आणि मांजर कोसळतं. बदल हळूहळू, डॉक्टरांना सांगून आणि त्या काळात जास्त वेळा मोजून करायचा. नुसतं उकडलेलं चिकन हाही कायमचा आहार नव्हे, त्यात कॅल्शियम पुरत नाही आणि टॉरिन या मांजरांना लागणाऱ्या घटकाचाही भरवसा नाही.

हे सगळं बरोबर असूनही आकडे उतरत नसतील तर मांजराकडे वळा. हिरड्या-दातांची सूज, लघवीचा संसर्ग, स्वादुपिंडाची सूज, थायरॉइड. खाजेसाठी किंवा तोंडाच्या फोडांसाठी कुणी दीर्घकाळ टिकणारं स्टिरॉइडचं इंजेक्शन दिलंय का ते आठवा, त्याने आठवडेच्या आठवडे साखर चढी राहते. आणि डोस पाच-सहा युनिटांच्या पुढे गेला, साखर तरी चढीच, आणि मांजर वाळायच्या ऐवजी जाड होतंय, चेहरा रुंद, पंजे मोठे दिसू लागलेत, असं असेल तर वाढीच्या संप्रेरकाचा विकार तपासायला सांगा. त्यासाठी आयजीएफ-१ ही रक्ततपासणी असते. ब्रिटनमध्ये बाराशेहून अधिक मधुमेही मांजरांच्या पाहणीत, २०१५ साली, सुमारे चौघांमागे एकात हा विकार असावा असं दिसलं. आपल्याकडे तो फारसा शोधला जात नाही.

फ्रुक्टोसामाइन ही तपासणी मिळाली तर मधूनमधून करून घ्या. ती मागच्या दोन-तीन आठवड्यांची सरासरी सांगते आणि दवाखान्यातल्या घाबरण्याने बिघडत नाही. पण सरासरीच ती. एक दिवस ४०, एक दिवस ४५० अशा मांजराचीही सरासरी ठीक दिसू शकते.

सेन्सर

माणसांसाठीचा फ्रीस्टाइल लिब्रे मांजरांवरही वापरतात. बरगड्यांवर किंवा खांद्यामागे केस भादरून, कातडीला खास गोंदाचे ठिपके देऊन तो चिकटवतात. रात्री तीन वाजता काय होतंय हे कान न टोचता कळतं, आणि ज्या मांजराला टोचणं सहनच होत नाही त्याच्यासाठी हा मोठाच आधार. पण सेन्सर रक्तातली नाही, पेशींमधल्या द्रवातली साखर मोजतो. साखर भराभर बदलत असताना तो काही मिनिटं मागे असतो. पहिल्या दिवसाचे आकडे फारसे मनावर घेऊ नका. चौदा दिवसांचा म्हणून विकला जात असला तरी मांजर तो बऱ्याचदा आधीच उपटून काढतं. ४० च्या खाली तो आकडा दाखवत नाही, फक्त 'लो' म्हणतो. आणि सेन्सर लो म्हणतोय पण मांजर निवांत आहे, असं झालं की कान टोचून खात्री करायची, म्हणून मीटर घरात हवाच. एका सेन्सरला काही हजार रुपये पडतात. माझ्या मते दर पंधरवड्याला नवा लावण्यापेक्षा इन्शुलिन किंवा आहार बदलताना एकदा लावणं जास्त शहाणपणाचं.

शुगर घसरली तर

अचानक कासावीस भूक, किंवा उलट कोपऱ्यात जाऊन बसणं, मागचे पाय लटपटणं, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या, वेगळ्याच आवाजात ओरडणं, थरथर, शेवटी झटके. काही मांजरं आकडा ४५ असताना काहीच दाखवत नाहीत, म्हणून आकडा धोक्याच्या रेघेखाली असेल तर लक्षणांची वाट बघायची नाही.

मांजर शुद्धीवर आहे, गिळतंय: लगेच खायला द्या. इथे कोरडं खाणं, ग्रेव्हीचं खाणं, जे एरवी टाळतो ते चालतं. खात नसेल किंवा लटपटत असेल तर मध, साखरेचा घट्ट पाक किंवा थोड्या पाण्यात कालवलेली ग्लुकोज पावडर बोटाने हिरड्यांना चोळा. शुगर-फ्री गोळ्या-पावडरी अजिबात नाहीत, त्यांनी साखर चढतच नाही. पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा, गरज पडली तर पुन्हा द्या. झटके येत असतील तर तोंडात काहीही ओतू नका, ते श्वासनलिकेत जातं. बोटंही दातांमध्ये घालू नका. ओठ बाजूला करून हिरडीवर मध पुसा आणि तसेच गाडीत बसा.

आकडा १२० वर आला म्हणजे संपलं असं नाही. मध अर्ध्या-पाऊण तासात ओसरतो, इन्शुलिन अजून कित्येक तास काम करत असतं. पुढचे काही तास तासातासाला मोजायचं, डॉक्टरांना कळवायचं आणि पुढचा डोस त्यांना विचारूनच.

रात्रीचा दवाखाना कुठला हे आजच बघून ठेवा. मुंबईत परळचं बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय जुनंच आहे, २०२४ मध्ये महालक्ष्मीला टाटा ट्रस्ट्सचं लहान प्राण्यांचं रुग्णालयही सुरू झालंय. पण आपल्या गावात, आपल्या अंतरावर, रात्री दोनला फोन कोण उचलतं हे स्वतः फोन करून विचारा आणि नंबर फ्रिजवर चिकटवा.

शुगर चढीच आणि मांजर खात नाही

नुसता ४५० चा आकडा आणि मांजर मजेत जेवतंय, ही धावपळीची वेळ नाही. पण आकडा चढा, त्यात उलट्या, खाणं बंद, सुस्ती, तोंडाला नेलपॉलिश रिमूव्हरसारखा वास, हे कीटोॲसिडोसिसचं, म्हणजे रक्तात आम्लधर्मी कीटोन साचल्याचं, लक्षण असू शकतं आणि इथे उद्यापर्यंत थांबायचं नसतं. लघवीत कीटोन दाखवणाऱ्या पट्ट्या मेडिकलमध्ये मिळतात, डबी घरात असू द्या. मांजर वाळूत बसलं की मागून लांब दांड्याचा डाव धरायचा. एक-दोनदा पळेल, मग दुर्लक्ष करतं. कीटोनचा रंग आला आणि मांजर मलूल असेल तर त्याच दिवशी दवाखाना.

अमेरिकेत मांजरांसाठी तोंडाने द्यायची मधुमेहाची औषधं आली आहेत: बेक्साकॅट डिसेंबर २०२२ मध्ये, सेनव्हेल्गो ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर झालं. सुई नको म्हणून कुणी ती मागवण्याच्या विचारात असेल तर थांबा. ती आधी इन्शुलिन घेतलेल्या मांजरांसाठी नाहीत, आणि त्यांच्यावर साखर जवळपास नॉर्मल दिसत असतानाही कीटोॲसिडोसिस होऊ शकतो. म्हणजे मीटरवर भरवसा ठेवायची सोयच उरत नाही.

आकडे आपोआप उतरू लागले तर

हा हेलकावा चांगला असतो, आणि नेमका इथेच गाफीलपणा होतो. तोच डोस, पण तळ १३०, मग १००, मग ८०. इन्शुलिनआधीचा आकडाही २०० च्या आत. स्वादुपिंड पुन्हा थोडं काम करू लागलंय. मांजरांमध्ये इन्शुलिन पूर्ण सुटू शकतं, म्हणजे इंजेक्शनची गरजच उरत नाही. रूम्प आणि रँड या संशोधकांच्या २००९ मधल्या अभ्यासात ग्लार्जिन, कमी कर्बोदकांचा आहार आणि घरचं काटेकोर मोजमाप अशा पद्धतीने ५५ मांजरांपैकी ६४ टक्क्यांचं इन्शुलिन सुटलं. निदानानंतर सहा महिन्यांच्या आत ही पद्धत सुरू केलेल्यांत प्रमाण ८४ टक्के होतं, उशिरा सुरू केलेल्यांत ३५. म्हणून पहिल्या सहा महिन्यांत पट्ट्यांवर काटकसर करू नका, नंतर खुशाल करा.

अशा वेळी डॉक्टर डोस पाव-अर्ध्या युनिटने उतरवत नेतात. एकदम बंद करायचं नसतं. इन्शुलिन थांबल्यावरही पहिले दोन आठवडे रोज मोजा, मग आठवड्यातून एकदा, पुढे महिन्यातून एक-दोनदा. इन्शुलिनशिवाय साधारण चार आठवडे आकडे नॉर्मल राहिले की डॉक्टर त्याला सुटलं म्हणतात. आहार मात्र तोच ठेवायचा. स्टिरॉइडचं इंजेक्शन द्यायची वेळ आली तर हे मांजर मधुमेही होतं हे नव्या डॉक्टरांना आधी सांगायचं. आणि पाण्याचं भांडं पुन्हा लवकर रिकामं होऊ लागलं की त्याच दिवशी कान टोचायचा.